पाणी जोखताना

ट्वायझेल गावात, खिडकी नसलेल्या खोलीत बसून
मी पाण्याला भाव लावते.
सरोवर इथून दिसत नाही. दिसतो त्याचा आकडा:
समुद्रसपाटीपासून पाचशे चोवीस मीटर, वर थोडं काही.
जुलैची अकरावी रात्र,
आणि आकडा कालच्यापेक्षा चार बोटं खाली.

दिवसाचे तुकडे अठ्ठेचाळीस.
दर तुकड्याला पाच ओळींची एक चिठ्ठी:
एवढं पाणी जवळजवळ फुकट, कारण नदी वाहती ठेवायचीच आहे;
एवढं बेतानं;
एवढं नाइलाजानं;
आणि शेवटचं इतकं महाग
की कुणी मागूच नये.
पैसा पाण्यासारखा उडवू नये म्हणतात.
मी पाणी पैशासारखं धरून बसते, मूठ किंचित सैल.

सगळ्या देशातून चिठ्ठ्या येतात.
वारा शून्यापासून बोलतो, त्याला स्वतःला साठवता येत नाही.
जमिनीखालची वाफ घासाघीस करत नाही, रात्रंदिवस तेवढीच.
कोळसा रांगेत सगळ्यात मागे, खोकत उभा,
आणि ज्या रात्री त्याला हाक मारावी लागते
त्या रात्री त्याच्या दराने
सगळ्यांची मजुरी.
वाऱ्याचीसुद्धा. माझ्या पाण्याचीसुद्धा.

युआन डाल्गेटीला हे कधी पटलं नाही.
बाजार नव्हता तेव्हापासून तो धरणाच्या दारांवर.
"वेलिंग्टनहून फोन यायचा, उघड.
आम्ही उघडायचो.
पाण्याला किंमत नव्हती, मेरेआना, नुसतं वजन होतं."
निवृत्तीच्या दिवशी त्यानं मला आपली जुनी मोजपट्टी दिली,
लाकडी, टोकाला कुजलेली.
ती टेबलावर आहे. तिच्यावर मी चहाचा कप ठेवते.

मी विकते ते खरं तर पाणी नाही.
सप्टेंबरची भीती विकते.
पश्चिमेचा पाऊस डोंगर ओलांडून आलाच नाही तर,
या भीतीला मेगावॉटमागे डॉलर लावते
आणि दर पाच मिनिटांनी एक यंत्र ती वाचून
देशभर दिवे कुणी लावायचे ते ठरवतं.

गेल्या हिवाळ्यात माझी भीती फार महाग होती.
उत्तरेतल्या लगद्याच्या गिरणीनं सहा आठवडे यंत्रं थांबवली.
तुरोआ तिथे फोरमन. माझ्या बहिणीचा नवरा.
रविवारी जेवायला गेले तर तो बटाटे सोलत होता,
एकेक साल लांबच लांब, न तुटू देता.
"भाव परवडत नाही म्हणाले," एवढंच बोलला.
कुणाचा भाव, ते त्यानं विचारलं नाही.
मी मीठ मागितलं.

यंदा त्याच गिरणीची चिठ्ठी येते रांगेत.
विकायला तिच्याकडे वीज नाही,
ती विकते न वापरणं:
एवढा दर झाला तर आम्ही दोन तास गप्प बसू,
त्या गप्प बसण्याचे इतके.
पहिल्यांदा वाचली तेव्हा मला चूक वाटली.
आता वाऱ्याच्या शेजारी बॅटऱ्या उभ्या आहेत,
दुपारी स्वस्तात गिळायचं, संध्याकाळी महागात ओकायचं;
टिमारूत आईच्या नहाणीतलं गरम पाणी
साडेपाचला आपोआप बंद होतं, पूर्वीपासूनच व्हायचं,
फक्त आता तिला त्याचे चार पैसे सुटतात
आणि ती फोनवर ते मोजून सांगते.
कोळसा अजून आहे. खोकला कमी ऐकू येतो.

पहाटेचे साडेचार.
वर डोंगरात बर्फ पडतोय, हवामानवाले सांगतात, चांगला पडतोय.
पण बर्फ म्हणजे पुढच्या तारखेची हुंडी,
नोव्हेंबरशिवाय वटत नाही,
आणि मला उजाडायच्या आत चिठ्ठी बदलायची आहे.

चाळीस मेगावॉट
चौथ्या ओळीतून उचलते,
दुसऱ्या ओळीत ठेवते.
कप उचलते. मोजपट्टीवर ओला गोल.
आकडा तेवढाच.